दोन खाचांचा माड

लालबागला आमच्या चाळीच्या मागे एक माड होता. तिसऱ्या मजल्याच्या कौलांच्याही वर गेलेला. त्याचा एक नारळ घरमालकाच्या भाडेवसुलीच्या माणसासमोर असा आदळला की तो माणूस पुढचे तीन महिने आमच्या बिऱ्हाडाकडे फिरकला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे नारळ त्याच्यापासून दहा हातांवर पडला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पुन्हा दारात उभा होता. पण दहा हातांवर पडलेल्या नारळाची गोष्ट कोण ऐकणार? मी गिरगावची. आमच्या माहेरी भाजीला आणि बोलण्याला फोडणी दिल्याशिवाय कोणी पानात वाढत नसे. सासरी आले ती ही सवय रुखवतात घालूनच आले.

तर हा माड जमिनीत नव्हता, जमिनीत पुरलेल्या लाकडी पिपात होता. त्याच्या शेजारी चार हातांवर आणखी एक पीप पुरलेलं होतं, लोखंडी, रिकामं. त्याची फक्त गोल कड वर दिसायची. ते कशाचं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी निराळं उत्तर दिलं. एकाला सांगितलं, गोऱ्या साहेबाने बंदुका लपवायला पुरलं. एकीला सांगितलं, इथे विहीर होती, ती रुसली. ते रिकामं का, हे मात्र मी कोणालाच सांगितलं नाही.

माझे सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. चाळीस वर्षं भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले. मालवणकडचे. कानात गिरणीचा आवाज इतका मुरलेला की घरात शांतता असली की त्यांना झोप येत नसे. मग सासूबाई मुद्दाम भांडी आपटत बसायच्या, असं मी शेजारणींना सांगायची. त्यांचे दोन मुलगे. थोरले ते आमचे हे, बेस्टमध्ये नोकरीला. धाकटे भावजी गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. त्यांची नखं कायम काळी. सभेची पत्रकं, मोर्च्याची पत्रकं, मुंबई आमचीच म्हणणारी पत्रकं, सगळी त्या काळ्या नखांखालून निघायची. दोन वेळा पोलिसांनी त्यांना धरलं आणि दोन्ही वेळा चार-आठ दिवसांनी सोडलं. एकदा लॉकअपमधून आले ते वजन वाढवून आले. आत दुपारी झोपायला मिळतं म्हणाले.

गावाला सासऱ्यांच्या घरी एक चाल होती. मुलगा झाला की बाराव्या दिवशी परसात त्याच्या नावाचा माड लावायचा. ज्याचा माड त्याचा जीव. मुलगा आजारी पडला की आधी जाऊन माड बघायचा, मग वैद्याला बोलवायचं. आमच्या ह्यांचा आणि भावजींचा असे दोन माड गावी होते. पण भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ती परसाची बाजू चुलतभावाकडे गेली. सासरे तेव्हा गिरणीत होते. पत्राने कळलं. त्या दिवसापासून मुलांचे जीव दुसऱ्याच्या कुंपणात अडकलेत असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि ते काही केल्या निघेना.

गिरणीतून निवृत्त झाल्यावर ते गावी गेले आणि आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर परत उतरले ते मांडीवर पोतं घेऊन. पोत्यात दोन कोंब आलेले नारळ. ज्याच्या त्याच्या माडाचा नारळ, चुलतभाऊ जेवायला बसला असताना उचललेला. सोडणावर, म्हणजे वरच्या जाड सालीवर, कोयत्याने खाचा मारलेल्या होत्या. थोरल्याच्या नारळाला एक, धाकट्याच्या नारळाला दोन. त्या पोत्यासाठी त्यांनी बोटीवर दोन माणसांशी भांडण केलं असं ते सांगत. मी सांगताना सात माणसं करते.

आमची खोली तळमजल्यावर, आणि खोलीमागे गिरणीच्या भिंतीपर्यंत चार हात रुंदीची पट्टी. तिथे मोडक्या खाटा, कोळशाची पोती, डालड्याच्या डब्यातली तुळस आणि मोरीचं पाणी वाहून नेणारं उघडं गटार. एवढ्या जागेचं सासऱ्यांनी परस करायचं ठरवलं. खाटा जळणाला गेल्या, पोती दारापुढे आली, भिंतीला चुना लागला, तुळशीला मातीचं वृंदावन झालं. मग त्यांनी पहार घेतली. त्या जमिनीतून काय निघालं म्हणून सांगू. फुटक्या कपबश्या, गिरणीचे बॉबिन, घोड्याचा नाल, दात नसलेली फणी. अजून हातभर खणलं असतं तर पेशवे निघाले असते.

पण पहिल्याच आठवड्यात भाडेवसुलीचा माणूस आला आणि म्हणाला, जमीन मालकाची, जमिनीत झाड लावायचं नाही, मुळं चाळीच्या पायात शिरतात. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते रे रोडला गेले आणि भंगारवाल्याकडून हातगाडीवर दोन पिपं घेऊन आले. एक लाकडी, जुनं, फळ्यांच्या फटीतून उजेड दिसणारं. दुसरं लोखंडी, जाड, एक ठिपूस गळणार नाही असं. दोन्ही त्यांनी कडेपर्यंत जमिनीत उतरवली, फक्त चार बोटं कड वर ठेवली. पीप वर उभं ठेवून त्यात माड लावणं त्यांना पटत नव्हतं. माडाचे पाय जमिनीला लागल्यासारखे तरी दिसायला हवेत, म्हणाले. भाडेवाला पुन्हा आला तेव्हा त्यांनी त्याला कड दाखवली.

"झाड जमनीत नाय, पिपात आसा," ते म्हणाले. "आणि पीप माझा."

तो माणूस वाकून ती कड निरखायला लागला. कायद्याचं असं वाटोळं झालेलं त्याने आधी पाहिलं नसावं.

लोखंडी पीप धाकट्यासाठी. चांगलं ते धाकट्याला, हा त्या घरातला अलिखित नियम होता. आमचे हे त्याबद्दल कधी बोलत नसत, पण पिपांची वाटणी झाली तेव्हा लाकडी पिपाच्या फटीत बोट घालून हसले. लोखंडी पिपाला आतून सासऱ्यांनी डांबराचे दोन हात दिले. मी सासऱ्यांना म्हटलं, मामा, बुडाला भोकं पाडा, कुंडीला असतात तशी. ते म्हणाले, बाजूला गटार वाहतंय, भोकं पाडली की चाळीची घाण माझ्या धाकट्याच्या मुळाला लागेल. मला ते बरोबर वाटलं. आजूबाजूच्या सगळ्यांनाच बरोबर वाटलं.

मग राख आणि मीठ. कोकणात माडाच्या खड्ड्यात खडं मीठ घालतात, समुद्राजवळच्या झाडाला त्याची सवय असते. थोरल्याच्या पिपात त्यांनी अर्धी पायली घातलं, धाकट्याच्या पिपात पुरी पायली. वर माती, मातीवर नारळ, अर्धा उघडा, खाचा वरच्या अंगाला दिसतील असा. सासूबाईंनी दोन्ही पिपांना हळदकुंकू लावलं.

त्यानंतर सासऱ्यांचा दिवस त्या पट्टीत सुरू व्हायचा. गिरणीचं काजळ पानांवर बसायचं, ते ओल्या फडक्याने पुसायचे. रस्त्यावर दगडफेक होऊन अश्रुधूर सुटला की लोक डोळे धरून खोलीत पळायचे आणि सासरे ओलं गोणपाट घेऊन मागे, माडांवर टाकायला. संचारबंदीत चाळीच्या दारावर शिपाई उभा असायचा. त्याला विचारून ते दहा पावलं मागे जायचे. माडाचं रोप लहान असतं तेव्हा पान अखंड असतं, केळीसारखं. पुढे ते फाटतं, पिसासारखं होतं. पान फाटलं की माड जगला. म्हणून रोज सकाळी तेच बघायचं.

श्रावणात धाकट्याचा माड पिवळा पडू लागला. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ते म्हणायचे, माझ्या डोळ्यांनाच सगळं पिवळं दिसतंय. आणि मी म्हणायची, होय मामा, डोळ्यांचंच आहे, माड तर पोपटासारखा आहे. त्यांना ते ऐकायचं होतं आणि मला ते सांगायला सोपं जात होतं. माड नीट बघता यावा म्हणून त्यांनी ऑपरेशनची घाई केली आणि परळच्या एका इस्पितळात डोळ्यांना पट्ट्या बांधून दहा दिवस पडून राहिले. सासूबाई त्यांच्याजवळ.

ते इस्पितळात गेले त्या दुपारी मी कोंब हातात धरला. तो जागचा निघून आला. आत कुजकी घाण, बोटाला बुळबुळीत. माती उकरली तर हातभर खाली काळं पाणी. तोवरचा सगळा पाऊस त्या डांबर लावलेल्या पिपात साठून बसला होता, आणि त्या पाण्यात पायलीभर मीठ. फटीफटीच्या लाकडी पिपातलं पाणी वाहून गेलं होतं, बरोबर मीठही, म्हणून थोरल्याचा माड गुटगुटीत. धाकट्याचा माड मायेने बुडून मेला होता.

भावजी त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा सुटून घरी आले होते. मी त्यांना मागे नेऊन दाखवलं. मला वाटलं, त्यांचा चेहरा उतरेल. ते खाली बसले, कुजका कोंब हुंगला आणि म्हणाले, "वहिनी, प्रेताला वास सुटलाय. आता उचला मला."

मी म्हटलं, असं बोलू नका, मामांना काय सांगायचं? ते म्हणाले, सांगायचं कशाला, बदलून टाकू. तुमच्यासारखी थापाडी घरात असताना मी मरायचं म्हणजे तुमची अब्रू गेली.

माटुंग्याला एका रोपवाटिकेत त्याच उंचीचं रोप मिळालं. ट्राममधून आणताना आम्ही ते गोधडीत गुंडाळलं आणि मी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी म्हटलं, पाच. ती म्हणाली, कान फार लांब आहेत. भावजी खिडकीकडे तोंड करून हसत होते, त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते. ही गोष्ट मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. ट्राम कुठून कुठे चालली होती आणि कशाला, एवढं गाळून.

भावजींनी पिपातलं काळं पाणी बादल्यांनी उपसलं, पहारीने बुडाला सात भोकं पाडली, विटांचे तुकडे घातले, नवी माती भरली. मीठ नाही घातलं. मग छापखान्यातल्या चाकूने नव्या नारळाच्या सोडणावर दोन खाचा मारल्या. जुन्या नारळाशी लावून बघितल्या, जरा तिरक्या होत्या तशाच तिरक्या केल्या, आणि त्या जुन्या दिसाव्यात म्हणून छापखान्याची शाई थोडी चोळली. माणूस खिळे जुळवणारा, चूक राहणं शक्य नव्हतं. मेलेला माड मी चार दिवस चुलीशेजारी वाळवला आणि बंबात घातला. त्या पाण्याने भावजींनीच अंघोळ केली.

"स्वतःच्या सरणावर तापलेल्या पाण्याने न्हाणारा अख्ख्या मुंबई राज्यात मी पहिलाच असेन," ते मोरीतून म्हणाले, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. हे आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं. ह्यांनाही नाही.

सासरे जाड भिंगांचा चष्मा लावून परतले. त्या भिंगांतून सगळं मोठं दिसायचं. थेट मागे गेले, खाली बसले, दोन खाचांवरून बोट फिरवलं. माड वाढलो, म्हणाले. घरात येऊन सासूबाईंकडून त्यांनी पेढे मागवले.

दिवाळीनंतर भावजींनी सीमेकडे जायचं काढलं. बेळगावच्या बाजूला सत्याग्रहाच्या तुकड्या जात होत्या. लालबाग-परळची मुलं निघाली होती. ह्यांनी विरोध केला, नोकरीचं काय म्हणाले. सासूबाईंनी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे उठले आणि मागे गेले. नव्या माडाचं पान त्याच आठवड्यात फाटलं होतं. चार पाती सुटी झाली होती, फणीच्या दातांसारखी. परत आले तेव्हा चेहऱ्यावरची सगळी काळजी पुसलेली होती.

"पान फाटला," ते म्हणाले. "जा."

मी चुलीशी होते. भावजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला. मीही हसले. सासूबाईंनी मग त्यांना वाटेसाठी लाडू करून दिले.

होळीच्या आसपास त्यांच्या तुकडीतले दोघे आमच्या दारात आले. त्यांच्याकडे भावजींची कापडी पिशवी होती. पिशवीत एक सदरा, कंगवा, अर्धी वही आणि फडक्यात बांधलेलं मडकं. सीमेजवळच्या एका खेड्यात त्यांना ताप आला. बारा दिवस उतरला नाही. रस्ते बंद, गाडी मिळेना, तेराव्या दिवशी पहाटे गेले. तिथल्याच लोकांनी लाकडं दिली. हे सगळं त्यातल्या एकाने खाली मान घालून सांगितलं. दुसरा नुसता आपल्या वहाणांकडे बघत होता.

सासऱ्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग उठून मागे गेले. सासूबाईंचा हात तोंडापाशी येऊन थांबला होता. सासरे परत आले, त्या पोरांच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "तुमची कायतरी चूक झाली. माड हिरवोगार आसा. तो ताप दुसऱ्या कोणाक इलो असतलो."

पोरांना त्यांनी चहा द्यायला लावला. मडकं त्यांच्याच हातात परत दिलं. राख कोणाचीही असते, म्हणाले. आमच्या ह्यांनी ते मडकं त्यांच्याकडून बाहेरच्या बाहेर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या देवळाच्या पुजाऱ्याकडे ठेवायला दिलं.

दहावं करायचं म्हणून ह्यांनी दोनदा विषय काढला. सासऱ्यांनी एकदाच उत्तर दिलं. जित्या माणसाचं दहावं माझ्या घरात होणार नाही. चाळीतली माणसं भेटायला येत, त्यांना ते मागे नेऊन माड दाखवत. एकेक जण वाकून बघायचा, हो हो करायचा आणि मान खाली घालून निघून जायचा. तिसऱ्या मजल्यावरचा मास्तर तर त्या माडाला नमस्कार करून गेला. रोज दोन्ही वेळेला पाचवं ताट वाढायचं. भावजी येतील तेव्हा जेवतील. मग ते अन्न झाकून ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बायकांनी खायचं.

मला वाटलं होतं, सासूबाई नवऱ्यासारखाच विश्वास ठेवून आहेत. एके दिवशी दोघी मोरीपाशी मांदेली साफ करत होतो. त्यांनी मान वर न करता मला विचारलं, "ह्ये म्हणतत तो जितो आसा. मगे मी रडू कशी गो?"

जिवंत मुलासाठी आईने रडायचं नसतं, ते त्याच्या वाईटाला जातं. आणि मेला म्हणावं तर नवरा म्हणत नाही. चौदा-पंधरा दिवस ही बाई डोळे कोरडे ठेवून पाचवं ताट वाढत होती. त्या म्हणाल्या, पोटात काहीतरी दगडासारखं झालंय, अन्न त्याच्या बाजूने जातं. मी त्यांच्या हातातली मांदेली काढून घेतली, आणि मला कळलं की हे माझं काम आहे.

पण मी थापाडी. आधी खोटाच मार्ग सुचला. माड मरू दे, म्हणजे ते आपोआप मानतील. मिठानेच पहिला मेला होता. मी रोज दुपारी सासरे आडवे झाले की मूठभर खडं मीठ पाण्यात विरघळवून पिपात ओतायची. पंधरा दिवस ओतलं. वाण्याने विचारलं, एवढं मीठ कशाला, मी म्हटलं, लोणची घालतेय, गावजेवण आहे. आता ऐका. भावजींनी पाडलेल्या त्या सात भोकांतून पाणी निघून जात होतं, आणि उरलेलं मीठ त्या माडाला असं मानवलं, असं मानवलं की त्याने एकदम दोन नवी पानं काढली. हिरवी म्हणजे काळपट हिरवी. सासऱ्यांनी मला हाक मारून दाखवली. बघ म्हणाले, तिकडे अंगावर मांस चढतंय त्याच्या. या एका गोष्टीला मी आयुष्यात कधी फोडणी दिलेली नाही, द्यावी लागली नाही.

मग खरं बोलण्याशिवाय काही उरलं नाही. दुपारची जेवणं झाली होती, झाकलेलं पाचवं ताट फडताळात होतं. सासरे पट्टीत स्टुलावर बसून पान पुसत होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. काळं पाणी, कुजका कोंब, माटुंगा, ट्राम, भोकं, खाचा, शाई. बंबही सांगितला. इतकं सरळ मी लग्नाच्या दिवशी नावसुद्धा घेतलं नव्हतं.

ते ऐकत होते. फडकं थांबलं होतं. शेवटी त्यांनी ते माझ्या खांद्यावर ठेवलं.

"तुजी थाप माका गावता गो, सूनबाय," ते म्हणाले. "लगीन होऊन इलंस तेवापासून तुजी एक गजाल खरी नाय. आजच बरा खरा बोलूक लागलंस?"

मी म्हटलं, मामा, शपथ घेते. ते म्हणाले, तू शपथा किती घेतल्यास ते मी मोजलेलं नाही. मी नारळ उकरून दाखवते म्हटलं. त्यांनीच वाकून माती बाजूला केली आणि दोन खाचा मला दाखवल्या. तिरक्या, जुन्या, काळपट. मी त्या खाचांकडे बघत राहिले. त्या खोट्या आहेत हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो पुजाऱ्याकडे मडक्यात होता.

मी घरात आले. मागच्या दाराशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांना ते खरं वाटलं होतं. खोटं सांगताना मी हात फार हलवते, त्या दिवशी हात मांडीवर होते, असं त्या पुढे एकदा म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, "माड मेलो कधी?"

मी म्हटलं, श्रावणात.

"म्हणजे तो गेलो तेच्या आधी."

मी म्हटलं, हो.

"माका सांगलं असतंस," त्या म्हणाल्या, "तर मी तेका उंबऱ्याभायर जाऊक दिलंय नसतंय."

आवाज चढला नाही. मीठ कमी पडलंय असं सांगावं तशा बोलल्या. माडाचा आणि तापाचा काय संबंध, हे मी म्हणू शकले असते. माझे हे नंतर कितीदा तरी म्हणाले. पण ती बाई माड मेलेला बघून मुलाला अडवून धरणार होती आणि भावजी अडले असते, कारण आईचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. भावजींनी मारलेला तो डोळा मला आठवला, आणि त्याला उत्तर म्हणून मी हसले होते, तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पान पुसायला मागे गेले, त्यांच्या मागोमाग सासूबाई गेल्या. हातात नारळ सोलायचा कोयता. सासऱ्यांना वाटलं तुळशीची वाळकी पानं काढायची असतील, ते बाजूला सरकले. सासूबाई पिपाशी बसल्या, डाव्या हाताने माडाची सगळी पानं केसांसारखी एकत्र धरली आणि एका घावात कोंब उतरवला. माडाचा कोंब गेला की माड गेला, त्याला दुसरी फांदी फुटत नाही. हे कोकणातल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

सासऱ्यांचा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, ते ओरडतील. वाटलं, पडतील. गिरणीत सकाळपाळी चालू होती, भिंतीपलीकडून साच्यांचा आवाज येत होता.

सासूबाईंनी कोयता कडेला ठेवला. ती पानं मांडीवर घेतली, पदराने त्यांच्यावरचं काजळ पुसलं आणि मोठ्याने रडायला लागल्या. त्या रडण्याला चाळीतली सगळी दारं उघडली. ह्यात मी काही वाढवलेलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीतून वाकून बघत होत्या, आणि कोणी खाली आलं नाही.

सासऱ्यांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नसे. भिंतीला हात लावत ते दारापर्यंत आले आणि मला म्हणाले, "सूनबाय, पाणी काढ. थंड."

कोणी गेल्याचं कळलं की घरातल्या माणसाने अंघोळ करायची असते. मी बादली भरली, दुसरी भरली. ते मोरीत कपड्यांसकट बसले. ह्यांना हाक मारून मी पुजाऱ्याकडे मडकं आणायला पाठवलं, आणि फडताळातलं झाकलेलं ताट खाली काढलं.

आमच्या मोरीचं पाणी मागच्या पट्टीतल्या गटाराने वाहतं, दोन्ही पिपांच्या अगदी कडेने. त्या सकाळी ते बराच वेळ वाहत राहिलं. गटार तुंबून पाणी लोखंडी पिपाच्या कडेशी आलं, सासूबाईंच्या लुगड्याचा काठ भिजला. त्या उठल्या नाहीत. आत एका तांब्यामागून दुसरा तांब्या ओतल्याचा आवाज येत होता, आणि मी तिसरी बादली भरत होते.